पार्टनर कंपन्यांना बिल्ड, कोड आणि डेटाचा अ‍ॅक्सेस नेमका कसा द्यावा?

सिंहगडरोड_टेक

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ठेवी, कर्ज, पिग्मी, व्याजआकारणी, पासबुक छपाई, सगळं त्यात येतं. संस्थेत जाऊन इन्स्टॉल करणं आणि नंतरचा सपोर्ट आम्ही स्वतः करत नाही. ते काम कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर आणि लातूरच्या छोट्या पार्टनर कंपन्या करतात. बरेचसे पार्टनर सुरुवातीपासून आमच्याबरोबर आहेत.

आत्ताची व्यवस्था अशी. आमचे बिल्ड, म्हणजे इन्स्टॉलर आणि पॅच, एडब्ल्यूएसवर (अमेझॉनच्या क्लाउडवर) एका एस३ बकेटमध्ये, म्हणजे फाइली साठवायच्या जागेत, असतात. ते उतरवून घ्यायला ‘पार्टनर’ नावाचा एकच आयएएम युजर (एडब्ल्यूएसचं लॉगिन) आहे आणि त्याची अ‍ॅक्सेस की (कायमचा पासवर्डच म्हणा) सगळ्या पार्टनरांच्या लॅपटॉपवर आहे. गिटलॅब, म्हणजे कोड ठेवायची जागा, आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालतं. रिपोर्टचे टेम्प्लेट पार्टनर बदलतात, म्हणून तिथं दर ऑफिसला एक लॉगिन दिलंय. एखाद्या संस्थेचं व्याज चुकतंय अशी तक्रार आली की त्या संस्थेच्या डेटाबेसचा बॅकअप ड्राइव्हवर चढतो आणि ज्याच्याकडे लिंक आहे त्याला उघडतो. आमची मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे. पार्टनरांपैकी एक-दोघांकडेच स्वतःचं डोमेन आहे, बाकी सगळे जीमेलवर.

विषय आत्ता निघायचं कारण म्हणजे एका पार्टनरकडचा मुलगा नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेला. ती कंपनी आमच्याच क्षेत्रातली आहे. त्याच्या लॅपटॉपवर की होती. तो गेल्यानंतर त्यानं काही उतरवून घेतलं का, हे साहेबांनी मला विचारलं. लॉग बघितले तर बकेटमधली कुठली फाइल कुणी उतरवली याची नोंदच नाही. मुलाबद्दल माझ्या मनात संशय नाही. पण ‘नाही उतरवलं’ असंही मी ठामपणे सांगू शकत नाही.

दोन प्रश्न आहेत. हे सगळं नीट बांधायचं तर सुरुवात कुठून करू? आणि पार्टनरांना सांगू कसं? साहेबांचं म्हणणं, ही घरचीच माणसं आहेत, उद्या प्रत्येकाला वेगळं लॉगिन आणि ओटीपी लावलं तर ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणतील.

नेटवर्कवाला

प्रत्येक पार्टनर ऑफिसला व्हीपीएन (बाहेरून तुमच्या नेटवर्कमध्ये यायचा बंदिस्त रस्ता) द्या, बकेट आणि गिटलॅब दोन्ही व्हीपीएनच्या आत घ्या. बाहेरून काहीच दिसणार नाही. दोन दिवसांचं काम आहे.

पंचगंगा_इन्फ्रा

सिंहगडरोड_टेक, सविस्तर लिहिते, कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी काम केलंय. आधी कोल्हापुरात एका पार्टनर कंपनीत सपोर्टला होते, आता एका प्रॉडक्ट कंपनीत हेच अ‍ॅक्सेसचं काम बघते.

व्हीपीएनचं आधी बोलते. व्हीपीएनमुळे दार एकच राहतं हे खरं, पण आत शिरलेला कोण आणि त्याला कुठवर जाता येतं, हे त्यातून ठरत नाही. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीवर २०१३ मध्ये मोठा हल्ला झाला. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली आणि ७ कोटी ग्राहकांचे तपशील गेले. चोर शिरले ते एका ठेकेदाराच्या लॉगिनवर, आणि तो ठेकेदार दुकानांची वातानुकूलनाची कामं करायचा. त्याला बिलं आणि कामाच्या नोंदी यांपुरतंच आत यायचं होतं. तिथून पैसे घेणाऱ्या काउंटरपर्यंत रस्ता निघाला, कारण आतल्या भिंती कच्च्या होत्या. तुमच्या लातूरच्या ऑफिसला अख्खं नेटवर्क दिलंत तर असाच रस्ता मोकळा होतो. व्हीपीएन ठेवायचं तर ठेवा, पण त्याला उत्तर समजू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. आम्ही पार्टनर असताना एका संस्थेत कुणीतरी व्याजदराचं टेबल बदललं. तिमाहीचं व्याज शेकडो खात्यांवर चुकीचं पडलं. लॉगमध्ये नाव आलं ‘पार्टनर’. ते लॉगिन आमच्याकडे होतं, दुसऱ्या दोन ऑफिसांकडे होतं आणि प्रॉडक्ट कंपनीच्या स्वतःच्या सपोर्टकडेही होतं. पण संस्था आमच्या भागातली, म्हणून बोट आमच्याकडे. आमच्यातला एक मुलगा त्या दिवशी त्या संस्थेत हजर होता, एवढाच काय तो पुरावा. त्यानं ते केलं नव्हतं, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण दाखवणार काय? त्याला त्या भागात काम मिळणं बंद झालं. सामायिक लॉगिनचा मार खातो तो प्रामाणिक माणूस, कारण त्याच्याकडे स्वतःच्या बाजूनं ठेवायला एक ओळसुद्धा नसते. म्हणून पार्टनरांसमोर बोलताना ‘आमच्या मालाची सुरक्षितता’ इथून सुरुवातच करू नका. ‘तुमच्या मुलांच्या नावावर दुसऱ्याचं काम लागू नये’ इथून करा. हे मी युक्ती म्हणून सांगत नाहीये, मला ते खरंच तसं वाटतं.

साहेबांना एवढंच विचारा: तुमचे ग्राहक असलेल्या पतसंस्थांत तिजोरीची एक किल्ली रोखपालाकडे आणि दुसरी शाखाधिकाऱ्याकडे असते, त्यात कुणाचा अपमान होतो का?

आता काम. तुमच्याकडे चार वेगवेगळ्या वस्तू आहेत: बिल्ड, कोड, संस्थेचा डेटा आणि संस्थेचा सर्व्हर. चौघांचे धोके वेगळे, म्हणून दारंही वेगळी.

बिल्डचं सगळ्यात सोपं. पार्टनरच्या मुलाला इन्स्टॉलर हवाय, एडब्ल्यूएसची की नकोय. एक साधं वेबपेज करा, त्यावर प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन. ‘डाउनलोड’ दाबलं की मागून प्रीसाइन्ड यूआरएल, म्हणजे आधीच सही केलेली तात्पुरती लिंक, तयार होते आणि ठरावीक वेळानं मरते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ती लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला चालते, त्यामुळे मुदत जास्तीत जास्त ७ दिवसांची देता येत असली तरी देऊ नका. आणि लिंक लॅम्डासारख्या (एडब्ल्यूएसवर छोटा कोड चालवणाऱ्या) सेवेला मिळणाऱ्या तात्पुरत्या क्रेडेन्शियलनं, म्हणजे ओळखपत्रानं, सही करून बनवली असेल तर ती क्रेडेन्शियल संपली की लिंकही संपते, तुम्ही मुदत कितीही लिहा. मुदत फार आखूडही करू नका. डाउनलोड सुरू होताना मुदत तपासली जाते. चालू डाउनलोड मध्येच तुटत नाही, पण लाइन गेली आणि पुन्हा सुरू करायची वेळ आली तर लिंक मेलेली असते. तालुक्याच्या गावातून मोठा इन्स्टॉलर ओढणाऱ्याला दहा मिनिटं म्हणजे छळ आहे. तासभर ठेवा.

एखाद्या पार्टनरचं स्वतःचं एडब्ल्यूएस खातं असेल आणि त्याला रोज रात्री आपोआप पॅच ओढायचे असतील, तर त्याच्यासाठी तुमच्या खात्यात रोल (ठरावीक परवानग्यांची भूमिका) बनवा आणि त्याला तो धारण करू द्या. की कुणालाच द्यायची नाही. तात्पुरती क्रेडेन्शियल मिळतात, तासाभरात संपतात. ट्रस्ट पॉलिसीत, म्हणजे रोल कुणी धारण करायचा त्या नियमात, त्याचं अख्खं खातं लिहू नका. अख्खं खातं लिहिलं तर त्यातल्या कुणाला आत सोडायचं हे त्यांचा अ‍ॅडमिन ठरवतो. त्यांच्या बाजूचा नेमका रोल लिहा. मग त्यांनी तो रोल डिलीट करून त्याच नावाचा नवा केला तरी दार उघडत नाही. तुमच्या पॉलिसीत नावाच्या जागी ‘एआरओए’नं सुरू होणारा आयडी दिसायला लागतो. ते बघून घाबरू नका, ते बरोबर आहे. जुना माणूस गेला आणि त्याच नावाचा नवा आला म्हणून आपण किल्ली देत नाही, तसंच ते आहे.

आणि बकेट पॉलिसीतून थेट त्यांच्या खात्याला वाचायला द्यायच्या फंदात पडू नका. फाइली एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या एस३ केएमएस कीनं (एडब्ल्यूएस स्वतः सांभाळतं त्या किल्लीनं) एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असतील तर त्या दुसऱ्या खात्यातून उघडत नाहीत, आणि माणूस दिवसभर परवानग्या तपासत बसतो. रोल तुमच्याच खात्यातला असला की हा प्रश्न येत नाही.

याच जागी एक्स्टर्नल आयडीचा विषय येतो. लोक तो भरतात, पण कशासाठी ते माहीत नसतं. समजा बॅकअपवर नजर ठेवणारी एखादी बाहेरची सेवा तुम्ही घेतली आणि तिला तुमच्या खात्यात यायला रोल दिला. तुमचा स्पर्धकही तीच सेवा वापरतो. त्याला तुमच्या रोलचा पत्ता कुठूनतरी कळला आणि त्यानं त्या सेवेच्या पॅनेलमध्ये स्वतःचा म्हणून तुमचा पत्ता भरला. सेवा प्रामाणिकपणे तुमच्या दारात येते, तुम्ही तिला ओळखता, दार उघडता आणि माहिती स्पर्धकाच्या स्क्रीनवर जाते. चोरी कुणाच्याच पासवर्डची झाली नाही. सेवेनं प्रत्येक ग्राहकाला वेगळा एक्स्टर्नल आयडी दिला असेल आणि तुमच्या ट्रस्ट पॉलिसीत तुमचाच आयडी असेल, तर ही विनंती दारातच अडते. तो आयडी गुप्त असण्याची गरज नाही, प्रत्येक ग्राहकाला वेगळा असण्याची आहे. आणि तो सेवेनं ठरवायचा, ग्राहकाला निवडू द्यायचा नाही.

गिटलॅबवर सगळ्यात आधी एक तपासा, आजच तपासा. तुमचे किती प्रोजेक्ट ‘इंटर्नल’ दृश्यतेवर आहेत? स्वतःच्या सर्व्हरवरच्या गिटलॅबमध्ये इंटर्नल म्हणजे लॉगिन असलेल्या प्रत्येकाला दिसणारं. रिपोर्ट टेम्प्लेटसाठी दिलेल्या लॉगिननं तुमच्या पार्टनरला व्याजआकारणीचं इंजिन आज वाचता येत असेल, आणि कुणी मुद्दाम दिलंही नसेल. पार्टनरच्या प्रत्येक युजरवर ‘एक्स्टर्नल’ची खूण करा. मग त्याला जिथं नाव घालून घेतलंय तेवढंच दिसतं. टेम्प्लेट वेगळ्या रिपॉझिटरीत (कोडच्या वेगळ्या साठ्यात) काढा. क्लोन केलं, म्हणजे प्रत उतरवून घेतली, की अख्खा इतिहास सोबत जातो, जुन्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) कुणीतरी लिहून नंतर पुसलेला डेटाबेसचा पासवर्डसुद्धा. क्लोन झालेला कोड परत मागता येत नाही. म्हणून नवी रिपॉझिटरी कोऱ्या इतिहासानं सुरू करा. पार्टनरला डेव्हलपरची भूमिका, मुख्य ब्रँच (कोडची मुख्य प्रत) प्रोटेक्टेड, तिच्यात बदल मिसळायचा मर्ज तुमच्या माणसानं करायचा. आणि मेंबरशिपला शेवटची तारीख टाका, गिटलॅबमध्ये ती सोय आहे.

आता ओळख कुणाची, हा प्रश्न. तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे, म्हणजे त्याची लॉगिन सांभाळणारी सेवा एन्ट्राही आहे. ज्यांचं स्वतःचं डोमेन आहे त्यांची मुलं तिथं पाहुणे म्हणून घ्या, आणि पोर्टल (ते डाउनलोडचं वेबपेज) व गिटलॅब दोन्ही त्याच लॉगिनवर जोडा. मुलगा नोकरी सोडतो, त्याची कंपनी त्याचं मेल बंद करते, तुमच्याकडचा प्रवेश आपोआप थांबतो. जीमेलवाल्याचं असं होत नाही. नोकरी जाते, जीमेल राहतं आणि पाहुणाही राहतो. म्हणून जीमेलवाल्या पार्टनरांना डोमेन घ्यायला लावा. वर्षाला फार खर्च नसतो, आणि पहिल्या वर्षाचे पैसे तुम्ही भरलेत तरी स्वस्तात पडेल. एन्ट्राची एक मूळ सेटिंगही बदला. कुणीही, अगदी पाहुणासुद्धा, आणखी पाहुणे बोलावू शकतो अशी ती येते. ती फक्त अ‍ॅडमिनपुरती करा.

एक खाच मात्र राहते. एन्ट्रात माणूस बंद केला म्हणजे गिटलॅबच्या वेबवरचं लॉगिन बंद होतं. पासवर्डशिवाय आत यायला त्यानं आधी चढवलेली एसएसएच की आणि बनवलेले अ‍ॅक्सेस टोकन चालूच राहतात. गिटलॅबमध्ये त्याला वेगळं ‘ब्लॉक’ करावं लागतं, तेव्हा ते थांबतात. माणूस गेल्यावर करायच्या कामांत ही ओळ वेगळी लिहा.

डेटाबद्दल मी सगळ्यात कडक आहे. ड्राइव्हवरची ती लिंक आज बंद करा. त्या बॅकअपमध्ये सभासदांची नावं, मोबाइल, आधार, पॅन आणि कर्जाची थकबाकी आहे. गावात कुणाचं किती कर्ज थकलंय ही माहिती फुटली तर माणसाची सोयरीक मोडते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे जबाबदारी मुळात संस्थेची आहे. तिनं काम दुसऱ्याला दिलं तरी ती सुटत नाही, आणि ज्याला द्यायचं त्याच्याशी करार हवा. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमच्या ग्राहकाला तुम्ही कुठं उभं करताय याचा विचार करा.

व्याजाची चूक शोधायला नावं लागत नाहीत. रकमा, तारखा, दर, खात्याचा प्रकार हे जसंच्या तसं ठेवा आणि ओळख झाका. पण डोळस पद्धतीनं झाका, नाहीतर पार्टनर दोन दिवसांत कंटाळून खरा बॅकअप मागेल. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा तपासणी अंक असतो, व्हरहोफ पद्धतीचा. बेधडक अंक भरले तर तुमचाच फॉर्म ते नाकारतो. खरे आधार क्रमांक ० किंवा १ नं सुरू होत नाहीत. तेव्हा खोटे क्रमांक तिथूनच सुरू करा, तपासणी अंक बरोबर ठेवा आणि पहिल्या अंकाची अट फक्त चाचणीच्या सर्व्हरवर सैल करा. खोटा क्रमांक कुणाचा खरा निघायची भीती राहत नाही. आणि नावं झाकताना इंग्रजी ‘टेस्ट युजर’ भरू नका. पासबुक छपाईच्या निम्म्या तक्रारी लांब मराठी नावांच्या आणि जोडाक्षरांच्या असतात, ‘ज्ञ’ तुटतो, रफार पुढच्या रकान्यात जातो. तितक्याच लांबीची, जोडाक्षरं असलेली बनावट नावं भरा, म्हणजे चूक पार्टनरच्या मशीनवरही दिसेल.

लॉगचं शेवटी सांगते. तुमच्याकडे नोंद नव्हती, कारण क्लाउडट्रेल (एडब्ल्यूएसची नोंदवही) फाइल उतरवल्याची नोंद आपणहून ठेवत नाही. त्या बकेटसाठी डेटा इव्हेंट वेगळे चालू करावे लागतात, त्याचे थोडे पैसे पडतात. बाकीचा इव्हेंट इतिहास ९० दिवसांचाच दिसतो. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगतात आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायला सांगतात. तेव्हा ट्रेल बनवून वेगळ्या बकेटमध्ये साठवा. ६ तासांत कळवायचं तर ‘कोण’ याचं उत्तर आधीच तयार असायला हवं. ‘पार्टनर’ हे उत्तर होत नाही.

कृष्णाकाठ

मी तुमच्यासारख्याच एका प्रॉडक्टचा सांगलीतला पार्टनर आहे. पंचगंगा_इन्फ्रा यांनी त्या मुलाचं लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही अशी बोटं दाखवली गेली आहेत. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, आमची काही तक्रार नाही.

तक्रार दुसरी आहे. ३१ मार्चची रात्र. संस्थेचं वर्षअखेरचं क्लोजिंग चालू, व्यवस्थापक, रोखपाल, सगळे थांबलेले, नफावाटणीचा रिपोर्ट तुटलेला. आणि आमच्या मुलाच्या मेंबरशिपची मुदत नेमकी त्याच दिवशी संपली. पुण्यात फोन उचलणारा कुणी नाही. शेवटी काय झालं असेल? ज्याचं लॉगिन चालू होतं त्यानं पासवर्ड सांगितला. तुमची सगळी व्यवस्था त्या एका फोनवर मोडते. आणि दुसरं, संस्थेच्या सर्व्हरवर जायला आम्ही एनीडेस्क वापरतो, कायमचा पासवर्ड ठेवून. त्याला पर्याय सांगा, पण असा सांगा की संस्थेतल्या काकांना जमेल.

पंचगंगा_इन्फ्रा

कृष्णाकाठ, अगदी रास्त मुद्दा आहे, आणि आत बसून नियम बनवणाऱ्यांना तो सुचत नाही.

मुदती मार्च-एप्रिलमध्ये संपतील अशा टाकायच्याच नाहीत. आम्ही सगळ्या पार्टनरांच्या मुदती दिवाळीनंतर आणि जून अखेरीस येतील अशा लावतो. आधी दोन आठवडे पार्टनरच्या मालकाला आणि त्या मुलाला, दोघांनाही मेल जाते. मालकानं ‘हा अजून आमच्याकडेच आहे’ एवढं कळवलं की वाढते. एन्ट्रामध्ये हे तपासायची तयार सोय आहे, तिचा परवाना वरच्या दर्जाचा लागतो. चार पार्टनरांसाठी ते नको, एक्सेलची यादी आणि दर महिन्याची एक तारीख पुरते.

अडीनडीसाठी वेगळी वाट ठेवायची. आमच्याकडे पार्टनर पोर्टलवरच ‘तातडी’ म्हणून विनंती टाकतो, संस्थेचं नाव आणि कारण लिहितो. आमच्या दोन माणसांपैकी कुणीही एकानं फोनवरून मंजूर केलं की चार तासांचा प्रवेश मिळतो आणि तो आपोआप संपतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या दोघांची नावं आणि पाळी सगळ्या पार्टनरांना आधीच पाठवलेली असते. सकाळी त्या प्रवेशात काय केलं ते वाचलं जातं. ही वाट सोपी नसेल तर पासवर्ड फोनवर सांगितले जाणारच, तिथं तुम्हाला दोष देता येणार नाही.

एनीडेस्कचं म्हणाल तर कायमचा पासवर्ड काढा. संस्थेतल्या माणसानं समोर बसून ‘स्वीकारा’ दाबलं तरच जोडलं जाईल असं ठेवा. काकांना एक बटण जमतं, आणि आपल्या सर्व्हरवर आत्ता कोण आलंय हे त्यांना कळतं. तो त्यांचा हक्कच आहे. रात्रीची आपोआप कामं असतील तर एडब्ल्यूएसच्या सिस्टिम्स मॅनेजरमधलं सेशन मॅनेजर (दुरून सर्व्हर चालवायची सोय) बघा. बाहेरून आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही आणि कमांडच्या नोंदीही ठेवता येतात. संस्थेतला सर्व्हर एडब्ल्यूएसबाहेरचा असल्यानं त्याला वरचा दर लागतो, म्हणून मोठ्या संस्थांपुरतंच परवडतं.

सिंहगडरोड_टेक

खूप आभार. गिटलॅब लगेच बघितलं. इंजिनाची रिपॉझिटरी खरंच इंटर्नल होती, ती प्रायव्हेट केली. ड्राइव्हवरच्या लिंक बंद केल्या. साहेबांना त्या मुलाचा प्रसंग वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पार्टनरांना मीच फोन करतो.

आता अडलंय ते त्या जुन्या कीवर. ती बंद करायची आहे, पण नेमकी कुठं कुठं बसलीय ते कुणालाच सांगता येत नाही. काही संस्थांच्या सर्व्हरवर रात्री पॅच ओढणाऱ्या स्क्रिप्टमध्येही ती असावी. बंद केली आणि कुठलं क्लोजिंग थांबलं तर?

पंचगंगा_इन्फ्रा

आज बंद करू नका आणि थेट डिलीट तर अजिबात करू नका. आयएएममध्ये की ‘शेवटची कधी वापरली’ ते दिसतं, कुठल्या सेवेसाठी आणि कुठल्या रीजनमध्ये तेही दिसतं. पण फक्त शेवटचा वापर, त्यावरून यादी बनत नाही. म्हणून आधी बकेटचे डेटा इव्हेंट चालू करा आणि एक पूर्ण महिना जाऊ द्या, म्हणजे महिनाअखेरची कामंही त्यात येतील. प्रत्येक नोंदीत की कुठली, आयपी कुठला, फाइल कुठली, सगळं येतं. आयपीवरून कुठली संस्था ते पार्टनरला विचारा, ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो, पण वेळ आणि फाइल बघून तो ओळखतो.

तोवर त्या युजरची परवानगी मात्र आजच कमी करा. फक्त इन्स्टॉलरच्या फोल्डरमधून वाचायला, बाकी काही नाही. यादी करायची परवानगीही काढा, ज्याला फाइलचं नाव माहीत आहे त्यालाच ती मिळेल. एखादी स्क्रिप्ट यादी करून मग ओढत असेल तर ती अडेल. ती दुसऱ्या सकाळीच कळेल आणि यादीत भर पडेल. यादीची परवानगी काढायचं काम मात्र तिमाही अखेरीपासून लांब, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी करा.

महिन्यानंतर की ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ करा. ती एका क्लिकनं पुन्हा चालू करता येते, डिलीट केली तर परत येत नाही. चारही पार्टनरांना तारीख आणि वेळ आधी कळवा, कृष्णाकाठ म्हणतात तसं फोन उचलणारा माणूस बसवा. दोन महिनाअखेरी शांत गेल्या की मग डिलीट. त्या बॅकअपच्या प्रती पार्टनरांच्या लॅपटॉपवर अजून पडल्या असतील, त्या पुसल्याचं प्रत्येकाकडून लेखी घ्या. साहेब फोन करणारच आहेत तर त्याच फोनवर सांगून टाकू दे.